पहिले बाळंतपण माहेरी : बडोद्यातील कुटुंबांसाठी माहिती

बडोद्यातील मराठी घरांच्या अनेक लेकी पुणे, मुंबई, नाशिककडे सासरी जातात आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी येतात. आईचा हात, ओळखीचे घर आणि पुरती विश्रांती या रिवाजाच्या जमेच्या बाजू आहेत. अडचण अशी की सात-आठ महिने तपासणारे डॉक्टर एका गावी आणि बाळंतपण करणारे दुसऱ्या गावी असतात. दोघांमधला दुवा म्हणजे लेकीची फाइल. ती अपुरी असली किंवा लेक अगदी शेवटच्या दिवसांत आली, तर नव्या डॉक्टरांना बऱ्याच गोष्टी पुन्हा पहिल्यापासून पाहाव्या लागतात, आणि त्याला वेळ उरलेला नसतो.

कधी यावे

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून ४० आठवडे, म्हणजे २८० दिवस धरून तारीख काढतात. पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीने ठरलेली तारीख सर्वांत भरवशाची असते, त्यामुळे तो रिपोर्ट जपून ठेवावा. ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेले बाळ अपुऱ्या दिवसांचे मानतात. म्हणून नववा महिना लागेपर्यंत थांबू नये. सातव्या महिन्यातील डोहाळजेवण आटोपले की निघावे, म्हणजे साधारण २८ ते ३२ आठवड्यांच्या दरम्यान.

निघण्यापूर्वी तिकडच्या डॉक्टरांना प्रवासाबद्दल स्पष्ट विचारावे. वार गर्भाशयाच्या तोंडाशी असेल, रक्तस्राव झाला असेल, रक्तदाब वाढलेला असेल किंवा जुळी असतील, तर डॉक्टर प्रवास नको म्हणू शकतात. अशा वेळी आईनेच लेकीकडे जाऊन राहावे. त्यात रिवाज मोडल्याचा कमीपणा मानू नये. रेल्वेत गरोदर स्त्रियांसाठी खालच्या बर्थचा कोटा असतो, तो तिकीट काढतानाच मागावा.

दोन गावांच्या मध्ये राहून जाणाऱ्या गोष्टी

नेमक्या याच आठवड्यांत काही तपासण्या आणि इंजेक्शने येतात. तिकडच्यांना वाटते इकडे होईल, इकडच्यांना वाटते तिकडे झाले. पुढील गोष्टी तारखेसह कागदावर आहेत का ते पाहावे.

साखर : ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी रक्त तपासतात. १४० किंवा त्याहून अधिक आल्यास गरोदरपणातील मधुमेह धरतात. पहिल्या भेटीतली तपासणी ठीक आली तरी २४ ते २८ आठवड्यांत ती पुन्हा करायची असते.

रक्तगट : आईचा गट निगेटिव्ह आणि बाळाच्या वडिलांचा पॉझिटिव्ह असेल, तर साधारण २८व्या आठवड्यात अँटी-डी इंजेक्शन देतात. बाळ पॉझिटिव्ह निघाल्यास जन्मानंतर ७२ तासांच्या आत ते पुन्हा द्यावे लागते.

हिमोग्लोबिन : ११ पेक्षा कमी म्हणजे पंडुरोग. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नयेत, आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नाही.

याशिवाय धनुर्वाताच्या लसीच्या तारखा, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सिफिलिसचे रिपोर्ट, १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी आणि चालू औषधांची यादी सोबत हवी. माता-बाल संरक्षण कार्डही आणावे. गुजरातमध्ये त्याला ममता कार्ड म्हणतात. इथे सोनोग्राफी करताना ओळखपत्र आणि डॉक्टरांची चिठ्ठी लागते. लिंगनिदान कायद्याने बंद आहे, ते कोणीही विचारू नये.

बडोद्यात आल्यावर

आठवडाभरात प्रसूतितज्ज्ञांकडे नाव नोंदवावे. पुढे ३६ आठवड्यांपर्यंत साधारण दर पंधरवड्याला आणि नंतर दर आठवड्याला तपासणी असते. पहिल्याच भेटीत विचारावे : रात्री डॉक्टर कोण असतात? सिझेरियन लागल्यास भूलतज्ज्ञ किती वेळात येतात? रक्ताची सोय कुठून होते? बाळाला अतिदक्षता लागली तर कुठे नेतात?

सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त आणि ने-आण मोफत आहे. बडोद्यात सयाजी रुग्णालय हे मोठे सरकारी रुग्णालय आहे.

संमतीपत्र गुजरातीत असू शकते. लेकीला गुजराती येते, पण जावई आणि विहीणबाईंना ते वाचता येईलच असे नाही. डॉक्टरांकडून त्याचा अर्थ आधीच समजून घ्यावा आणि तो सासरी फोन करून सांगावा. शुद्धीवर असलेल्या सज्ञान स्त्रीची संमती तिची स्वतःचीच असते. ऐनवेळी नातेवाइकांच्या होकाराची वाट पाहण्यात वेळ घालवू नये.

लगेच दवाखाना गाठावा अशी लक्षणे

अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, बाळाची हालचाल कमी होणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, पोटाच्या वरच्या भागात दुखणे, चेहरा व हात सुजणे, ताप, झटके. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक असल्यास त्याच दिवशी दाखवावे. रात्री वाहन नसेल तर १०८ ला फोन करावा. बाळंतपणानंतर तासाभरात एक पॅड पूर्ण भिजत असेल तर तीही तातडीच आहे.

जन्मानंतर

पहिल्या तासात बाळाला अंगावर घ्यावे. चीक पिळून टाकू नये. सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे, मध किंवा गुटी चाटवू नये. जन्मतः बीसीजी, पोलिओ आणि हिपॅटायटिस बी या लसी देतात. बाळंतिणीचे सतत रडू येणे किंवा उदासी दोन आठवड्यांनंतरही राहिली, तर डॉक्टरांना सांगावे, नुसती समजूत घालत बसू नये.

जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच, २१ दिवसांच्या आत होते. म्हणजे दाखला बडोद्याचा निघतो. गुजरातमध्ये आडनाव आधी लिहिण्याची पद्धत आहे. म्हणून आई-वडिलांची नावे आधार कार्डाप्रमाणेच लिहिली आहेत ना, आईचे माहेरचे नाव पडले नाही ना, हे दवाखान्याच्या फॉर्मवरच तपासावे. बाळाचे नाव ठरले नसले तरी नोंद थांबवू नये, नाव नंतर घालता येते.

सव्वा महिना झाला की निघण्याची घाई सुरू होते. सहाव्या आठवड्यात आईची तपासणी आणि बाळाच्या पुढच्या लसी असतात. त्या उरकूनच निघावे. गरोदरपणात साखर वाढलेली असेल तर तीही याच वेळी पुन्हा तपासतात. डिस्चार्ज कार्ड, बाळाचे लसीकरण कार्ड आणि सगळे रिपोर्ट लेकीबरोबर सासरी द्यावेत. दुसऱ्या खेपेला तिकडच्या डॉक्टरांना हीच फाइल लागणार आहे.