दायमाबादचा रथ आणि खुल्या संशोधनाचा अर्थ

१/ इ.स. १९७४. अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद येथे झुडपाच्या बुडाशी खणत असलेल्या एका शेतकऱ्याला चार धातुशिल्पे सापडली : बैलजोडीचा रथ व त्यावर उभा पुरुष, हत्ती, गेंडा आणि रेडा. ती किती जुनी? पन्नास वर्षांनंतरही याचे सर्वमान्य उत्तर नाही. तरीही ही कथा संशोधनाच्या अपयशाची नव्हे.

२/ रसायनशास्त्रज्ञाला प्रयोग पुन्हा करून पाहता येतो. पुरातत्त्वज्ञाला एकदा खणलेला थर पुन्हा खणता येत नाही. पुरावा वाचत असतानाच तो नाहीसा होतो. मागे उरतात वस्तू, नोंदी आणि अहवाल. अहवाल प्रसिद्धच झाला नाही, तर ते उत्खनन जगाच्या दृष्टीने न झाल्यासारखेच.

३/ प्रसिद्धीने काय साधते, याचे उदाहरण याच प्रवरेकाठी आहे. संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकळिया व शां. भा. देव यांनी उत्खनन केले. त्याचा अहवाल १९५५ मध्ये डेक्कन कॉलेजने छापला. त्यात लाल पृष्ठभागावर काळी नक्षी असलेल्या खापरांचे सचित्र वर्णन होते.

४/ ते वर्णन सर्वांसमोर असल्यामुळेच नेवासे, चांडोली, इनामगाव येथील तशीच खापरे अभ्यासकांना ओळखता आली. एका गावाचे नाव एका संस्कृतीला मिळाले : जोर्वे संस्कृती, सुमारे इ.स.पू. १४०० ते ७००.

५/ आता पुन्हा दायमाबाद. तेथे म. न. देशपांडे, एस. आर. राव आणि एस. ए. साळी यांनी १९५८ ते १९७९ या काळात टप्प्याटप्प्याने उत्खनने केली. सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे असा पाच संस्कृतींचा क्रम उलगडला. परंतु ती चार शिल्पे शास्त्रीय उत्खननात, एखाद्या निश्चित थरात सापडलेली नव्हती. अडचण नेमकी हीच.

६/ परिस्थितिजन्य पुराव्यावरून या तिघांनी ती उत्तर हडप्पा काळातील मानली. डी. पी. अग्रवाल यांनी धातूच्या पृथक्करणाकडे बोट दाखवले : शिल्पांत आर्सेनिक एक टक्क्याहून अधिक आहे, आणि इतर ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत असे मिश्रण आढळत नाही, म्हणून ती बरीच नंतरची, ऐतिहासिक काळातील असू शकतील.

७/ हा आक्षेप शक्य झाला, कारण धातूच्या घटकांचे आकडे कोणाच्या कपाटात बंद राहिले नाहीत. २०२१ मध्ये युनेस्कोने खुल्या विज्ञानाविषयी शिफारस स्वीकारली, तिचा गाभाही हाच. ‘खुले’ म्हणजे केवळ फुकट नव्हे. निष्कर्षासोबत पुरावा आणि पद्धतही मांडायची, म्हणजे दुसऱ्याला आपली चूक दाखवता येईल.

८/ साळींचा दायमाबाद अहवाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. असे ग्रंथ एकेकाळी मोजक्या ग्रंथालयांतच मिळत. आज सर्वेक्षणाच्या जुन्या वार्षिक वृत्तांतांचे अनेक खंड मोबाइलवरही वाचता येतात.

९/ म्हणून एखादी वस्तू ‘हजारो वर्षे जुनी’ असल्याचा संदेश आला की तो पुढे धाडण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : ती कोणत्या थरात सापडली? पृथक्करण कोणी केले? अहवाल कोठे आहे? दायमाबादच्या रथालाही अभ्यासक हेच प्रश्न विचारत आले आहेत. (समाप्त)