जबड्याच्या शस्त्रक्रियेचे नियोजन : कागदापासून संगणकापर्यंत

जबड्याच्या सुधारक शस्त्रक्रियेच्या नियोजनाला मोजमापाचा खरा आधार १९३१ मध्ये मिळाला. त्या वर्षी अमेरिकेत ब्रॉडबेंट व जर्मनीत होफ्राथ यांनी कवटीच्या प्रमाणित क्ष-किरण चित्रणाची पद्धत मांडली. पुढे कित्येक दशके शल्यचिकित्सक पारदर्शक कागदावर चेहऱ्याची बाह्यरेषा गिरवीत, तो कागद कापून सरकवीत आणि दातांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवर करवत चालवीत. ही पद्धत टाकाऊ मुळीच नव्हती. मात्र बाजूने घेतलेल्या चित्रात जबड्याच्या डाव्या-उजव्या बाजू एकमेकींवर पडत, त्यामुळे चेहऱ्याचा वाकडेपणा त्यात पुरता उमटत नसे. १९७१ मध्ये रुग्णावर प्रथम वापरल्या गेलेल्या सीटी स्कॅनमुळे, आणि १९८० च्या दशकात त्यापासून घडविलेल्या कवटीच्या त्रिमितीय प्रतिमांमुळे, ही उणीव दूर झाली. आता हाड आधी पडद्यावर कापले जाते. तरी सीटीमध्ये दातांचे बारकावे धूसर येत असल्याने दातांचे स्वतंत्र स्कॅन त्यात बसवावे लागते.