हरवलेल्या खरेदीखताचा माग

१८७७ साली सोलापुरात जुनी गिरणी उभी राहिली आणि पोटासाठी आलेली माणसे येथे घर करू लागली. त्यांच्या घराचे खरेदीखत ट्रंकेत सापडले नाही की आज वारस हवालदिल होतात. वास्तविक मूळ कागद वाळवीने खाल्ला तरी खत नाहीसे होत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यान्वये स्थावराच्या नोंदलेल्या खताची प्रत दुय्यम निबंधकाकडील पुस्तक क्रमांक १ मध्ये उतरते. सूची क्रमांक १ माणसांच्या नावांची, तर क्रमांक २ मिळकतींची. कलम ५७ प्रमाणे मिळणारी प्रमाणित नक्कल मूळ मजकुराचा पुरावा ठरते. मात्र शंभर रुपयांखालील खरेदीस नोंदणीची सक्ती नव्हती. आजोबांची खोली तशी घेतलेली असेल, तर शोध तेथेच थांबतो.

आपल्या लोकांची आणखी एक अडचण असते. खतावर आजोबांचे बाप्तिस्म्यापूर्वीचे नाव आणि पुढच्या कागदांवर ख्रिस्ती नाव! अशा वेळी धर्मग्रामाची बाप्तिस्म्याची नोंदवही दोन्ही नावांचा सांधा जुळवू शकते. कित्येक घरांनी ती कधी उघडूनही पाहिलेली नसते. एवढे करून हाती आलेली जुनी नक्कल मोडीत निघाली, तर वाचणाऱ्याचा शोध नव्याने सुरू होतो.