एक एकर मका आणि उन्हाचा हिशेब

गवत, टोळ, बेडूक, साप अशी बाणांची साखळी आपण सगळ्यांनी शाळेत काढलीय. पण सजीवांमधून ऊर्जा कशी जाते याचा जो अगदी सुरुवातीचा हिशेब झाला, तो जंगलाचा नाही, मक्याच्या शेताचा आहे. म्हणून इथे लिहितोय.

अमेरिकेत ओहायोमधले वनस्पतिशास्त्रज्ञ एडगर ट्रान्सो यांनी १९२६ साली इलिनॉयमधला एक एकर मका कागदावर मांडला. १०,००० झाडं, १०० दिवसांचा हंगाम, १०० बुशेल म्हणजे साधारण २५ क्विंटल दाणे. तेव्हाच्या मानाने भरघोस पीक. सगळ्या झाडांच्या वाळलेल्या वजनात कार्बन किती, त्यासाठी साखर किती तयार झाली असणार, झाडाने श्वसनात किती जाळली, असं करत त्यांनी सगळं उष्णतेच्या मापात आणलं.

त्या एकरावर हंगामात २०४ कोटी किलोकॅलरी ऊन पडलं. आपल्या भाषेत सांगतो. सूर्याने १०० रुपये दिले असतील, तर अन्न बनवायला लागले फक्त १ रुपया ६० पैसे. त्यातले ४० पैसे झाडाने स्वतः जगायला खर्च केले. ४० पैसे दाण्यात गेले. उरलेले ८० पैसे ताटं, पानं, मुळं यांत राहिले.

आणि ४५ रुपये गेले पानांतून पाणी उडवण्यात! १५ लाख लिटरच्या आसपास पाणी, म्हणजे एकरभर रानात ३८० मिलिमीटर उभं केल्यासारखं. हे फक्त झाडातून गेलेलं, जमिनीवरून उडालेलं वेगळं. आपली हवा वेगळी, वाण वेगळे, आकडा जसाच्या तसा लागू होणार नाही. पण ऊन आपल्याला कधीच कमी पडत नाही, कमी पडतं ते पाणी, हे या हिशेबात स्वच्छ दिसतं.

ट्रान्सो झाडापाशी थांबले. झाडाच्या पुढे काय होतं ते मोजलं रेमंड लिंडमन या तरुणाने, मिनेसोटातल्या एका उथळ तळ्यात. पाच वर्षं शेवाळ, किडे, मासे मोजले. त्याचा लेख तपासणाऱ्यांनी नाकारला होता, यात तर्कच फार आहे म्हणून. संपादकांनी शेवटी तो घेतला. ऑक्टोबर १९४२ मध्ये छापून आला तेव्हा लिंडमन जिवंत नव्हता. वय अवघं २६. पुस्तकात प्रत्येक पायरीला १० टक्के ऊर्जा पुढे जाते असं छापतात, पण त्याच्या तळ्यात शाकाहारी जीवांचा आकडा १३ आणि त्यांना खाणाऱ्यांचा २२ टक्के निघाला होता. १० हा सोयीचा आकडा समजायचा, नियम नाही.

पोंग्यातली लष्करी अळी ही हीच पायरी. तिने खाल्लेल्यातलं थोडंच तिच्या अंगाला लागतं, बाकी विष्ठेत आणि उष्णतेत जातं. अळी टिपणाऱ्या पक्ष्याला त्यातलाही थोडाच वाटा. म्हणून रानात अळ्या हजारोंनी दिसतात आणि पक्षी बोटावर मोजण्याइतके.

आता ताटं पेटवणाऱ्यांविषयी. नत्र, स्फुरद, पालाश फिरून परत रानात येऊ शकतं. ऊर्जा तशी फिरत नाही, एकदा उष्णता झाली की गेली. काडी लावली की जमिनीखालच्या जीवांच्या वाट्याचे ते पैसे तासाभरात आभाळात जातात. नत्र पोत्यातून परत विकत मिळतं, पण त्या पोत्यावर गांडूळ आणि बुरशी जगत नाहीत.

आमच्याकडे दुभती जनावरं आहेत, त्यामुळे सगळी ताटं रानात ठेवणं परवडत नाही. कुट्टी गोठ्यात जाते, शेण रानात येतं. मात्र शेणात येते ती जनावराने वापरून उरलेली ऊर्जा. यंदा अर्ध्या एकरातली ताटं तिथेच बारीक करून पसरलीत आणि वर हरभरा टोकलाय. बाजूच्या अर्ध्या एकरात नुसतं शेणखत आहे. दोन्हीकडची ओल दर आठवड्याला बघतोय.