'ई वाम्पीरी' : एका नाकारलेल्या आरंभाचा इतिहास

एखाद्या कलाप्रकाराचा आरंभ कोणत्या कृतीपासून मानावयाचा, या प्रश्नाचे उत्तर ती कृती स्वतः देत नाही. ते नंतरच्या कृती देतात. रिक्कार्दो फ्रेदा यांचा 'ई वाम्पीरी' (१९५७) हा चित्रपट या दृष्टीने उद्बोधक आहे. इटलीतील पहिला भयबोलपट म्हणून आज त्याचा निर्देश होतो. प्रदर्शित झाला तेव्हा मात्र स्वदेशी प्रेक्षकाने त्याच्याकडे पाठ फिरवली होती.

चित्रपटाची निर्मिती घाईची होती. अवघ्या बारा दिवसांचे वेळापत्रक होते; निर्मात्यांशी मतभेद होऊन फ्रेदा मध्येच निघून गेले आणि छायालेखक मारिओ बावा यांनी उरलेले काम दोन दिवसांत पुरे केले. कथा पॅरिसमध्ये घडते. रक्त शोषून घेतलेली तरुणींची प्रेते सापडू लागतात आणि त्यांच्या रक्तावर एका वृद्ध सरदार-स्त्रीचे तारुण्य टिकवले जात असल्याचे उघड होते. येथे सुळे नाहीत, शवपेटीतून उठणारा पिशाच्चही नाही. आहे ती प्रयोगशाळा. जान्ना मारिया कानाले यांचा चेहरा प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत सुरकुततो, तोही दृश्य न तोडता. रंगीत रंगभूषा त्याच रंगाच्या प्रकाशात कृष्णधवल फितीवर दिसत नाही, प्रकाशाचा रंग बदलताच ती उमटते. जुनीच असलेली ही युक्ती बावा यांनी येथे कथेच्या आशयाशी एकजीव केली.

मग अपयश का? फ्रेदा यांनी पुढे दिलेले स्पष्टीकरण असे, की भित्तिपत्रकावर इटालियन दिग्दर्शकाचे नाव वाचताच प्रेक्षक परत फिरत. भय ही परदेशातून यावयाची वस्तू, अशी त्या प्रेक्षकाची धारणा होती. हान्स रॉबर्ट याउस यांच्या परिभाषेत सांगावयाचे तर कृती अपेक्षांच्या क्षितिजाबाहेर पडली होती. परंतु तिला बाहेर ठेवले ते तिच्या रूपाने नव्हे, कर्त्याच्या नावाने. म्हणूनच 'काल्तिकी' (१९५९) या चित्रपटात फ्रेदा 'रॉबर्ट हॅम्प्टन' झाले आणि बावा 'जॉन फोम'. मधल्या काळात टेरेन्स फिशर यांचा ब्रिटिश 'ड्रॅक्युला' (१९५८) येऊन गेला होता. देशी भयपट रुजला तो असा, आपले देशीपण लपवून.

अमेरिकेत हीच कृती नवी दृश्ये घालून 'द डेव्हिल्स कमांडमेंट' या नावाने दाखवली गेली. म्हणजे संहिताही स्थिर राहिली नाही. त्यानंतर बावा यांच्या 'ला मास्केरा देल देमोनिओ'ला (१९६०) कीर्ती लाभली आणि समीक्षेची नजर मागे वळली. 'ई वाम्पीरी'मध्ये ती फ्रेदांपेक्षा बावांची प्रकाशयोजना शोधू लागली. प्रेक्षकाला एक कर्ता नको होता, समीक्षकाला दुसरा हवा होता. दोन्ही व्यवहारांत नाव आधी आले आणि कृती मागून.

कर्तृवादी समीक्षेपुढे येथे खरी अडचण उभी राहते. दोघांच्या हातांनी घडलेल्या कृतीत कोणत्या दृश्यावर कोणाची मुद्रा आहे, याचा निवाडा करण्याचा आग्रह बहुधा नंतरच्या कीर्तीतून जन्मतो. इतिहासकाराने त्या कीर्तीचा हिशेब अवश्य ठेवावा. परंतु १९५७ च्या प्रेक्षकाचा नकार अजाणतेपणा म्हणून पुसून टाकू नये. नंतरच्या टोपणनावांमागचे कारण त्या नकारातच आहे आणि तो वगळल्यास या कलाप्रकाराच्या आरंभाचा अर्थही हातातून निसटतो.