फाईल बंद झाल्यावर : मानेचं रेडिएशन आणि स्ट्रोक

जबड्याच्या खाली, मानेच्या एका बाजूला हलकेच बोट ठेवा. ठोका लागला? ती कॅरोटिड धमनी, मेंदूला रक्त नेणारी मोठी वाट. आजचा इतिहास तिचाच.

१८९५ मध्ये रॉन्टजेनला क्ष-किरण सापडले आणि लगेचच डॉक्टर ते कॅन्सरवर वापरू लागले. पण एकदम मोठा डोस दिला की चांगली कातडीही जळायची. १९२० च्या दशकात पॅरिसमध्ये क्लोद रेगो आणि आंरी कुतार यांनी तोच डोस थोडा थोडा करून, कित्येक दिवस द्यायची पद्धत बसवली. घशाचे काही कॅन्सर ऑपरेशनशिवाय बरे व्हायला लागले. आजही रेडिएशन आठवडेच्या आठवडे चालतं, ते याच विचारातून.

दुसरीकडे स्ट्रोकचा शोध वेगळ्याच खोलीत चालला होता. १९५१ मध्ये कॅनडाच्या मिलर फिशर यांनी दाखवलं, की अनेक स्ट्रोकचं मूळ डोक्यात नसून मानेतल्या अरुंद झालेल्या कॅरोटिडमध्ये असतं. १९५४ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये अशा धमनीचा खराब तुकडा काढून ती पुन्हा जोडली गेली.

आता या दोन गोष्टी जोडून बघा. मानेवर रेडिएशन दिलं की कॅरोटिडही त्याच्या वाटेत येते. तिच्या आतल्या अस्तराला इजा होते, भिंतीला रक्त पुरवणाऱ्या बारीक नसा बंद पडतात, भिंत कडक होते, आत चरबीचा थर साचतो. हे सगळं वर्षानुवर्षं, गुपचूप. आणि कॅन्सरच्या उपचाराचं यश मोजलं जायचं बहुतेक पाच वर्षांवर! म्हणजे त्रास सुरू व्हायच्या आत पेशंट 'बरा' आणि फाईल बंद.

२००२ मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी जुन्या फायली पुन्हा उघडल्या. साठीच्या आत मानेवर रेडिएशन घेतलेले ३६७ पेशंट. सामान्य लोकांच्या तुलनेत त्यांच्यात स्ट्रोकचं प्रमाण ५.६ पट निघालं. दहा वर्षं उलटून गेलेल्यांमध्ये तर सुमारे दहा पट.

म्हणून रेडिएशन वाईट का? अजिबात नाही. ते नसतं तर यातली बरीच माणसं तेवढी जगलीच नसती. पण 'बरा झाला' याच्यापुढेही मोजत राहावं लागतं, हे कळायला शंभरेक वर्षं गेली.

तंबाखू-गुटख्यामुळे तोंडाचा कॅन्सर आपल्याकडे घराघरांत माहीत आहे. तुमच्या काका-मावशीने दहा वर्षांपूर्वी मानेचं रेडिएशन घेतलं असेल, तर आत्ताच्या डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. मानेची डॉप्लर सोनोग्राफी हवी का, विचारा. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवा, तंबाखू बंद. आणि तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं, तर थोड्या वेळात बरं वाटलं तरी थांबू नका. लगेच १०८!

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.