एका रोलरसाठी २८ वर्षं

फोर साइड मोल्डर चालताना पाहिलाय कधी? खडबडीत पट्टी आत सरकवायची. खाली, दोन्ही बाजूंना आणि वर फिरणारी पाती तिला चारही अंगांनी तासतात. पण सेटिंग करताना खरी कसोटी दाबाच्या रोलरची. दाब सैल पडला की लाकूड थरथरतं, तासलेल्या अंगावर लाटा उमटतात.

गंमत म्हणजे, याच रोलरवरून अमेरिकेत कोर्टकचेऱ्या झाल्या! फिरती पाती जुनीच. इंग्लंडमध्ये ब्रामाने १८०२ मध्येच तसं यंत्र बनवलं होतं. विल्यम वुडवर्थने न्यूयॉर्क राज्यात त्यांना फळी दाबून धरणारे रोलर जोडले आणि १८२८ मध्ये पेटंट घेतलं. त्याचं यंत्र फरशीच्या फळ्या रंधायचं, कडेला जीभ-खाचही पाडायचं.

पेटंट १४ वर्षांचं. १८४२ मध्ये ७ वर्षं वाढलं, १८४५ मध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, आणखी ७ दिली. वुडवर्थ तर १८३९ मध्येच वारला होता! कमाई केली ती हक्क विकत घेणाऱ्यांनी. तसं यंत्र लावायचं तर त्यांना पैसे मोजा, नाहीतर खटला. मला तर ही सरळ वसुलीच वाटते. पुढच्या मुदतवाढीला मात्र जोरदार विरोध झाला, आणि १८५६ च्या डिसेंबरात पेटंट संपलं.